अंगण कोण झाडून जातं

१

त्या घरात सकाळ व्हायची ती रॉकेलच्या वासानं. लान्स कॉर्पोरल जिनदास आधी उठायचा, स्टोव्हला दोन शिव्या हासडायचा, तेव्हा कुठं तो पेटायचा. दुधाची पावडर कधीच संपली होती, साखर त्याच्याही आधी. तळहातावर गुळाचा खडा धरायचा, एकदा जीभ लावायची आणि वर कोऱ्या चहाचा घोट घ्यायचा. चहा झाला की कॉर्पोरल किरिबंडा बंदूक उघडून पुसायला बसायचा, जिनदास विहिरीवर जायचा, आणि सार्जंट विजेकोन रेडिओला कान लावून मागच्या छावणीला रोजचाच निरोप द्यायचा, सगळं ठीक आहे, हालचाल नाही.

घर जाफन्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका ओस गावाच्या अगदी टोकाला होतं. लढाईची हद्द येऊन त्याच्या अंगणापाशी थांबली होती. ती पुढं सरकत नव्हती आणि मागंही हटत नव्हती. तिघांनी मिळून ते घर धरून ठेवायचं, एवढंच काम. अर्धं छप्पर तोफगोळ्यानं उडालेलं. व्हरांड्यात वाळूची पोती आणि ताडाचे ओंडके रचलेले. पुढं वाळूचं अंगण, त्यात एक कडुनिंब, मग मोडकं फाटक. फाटकापलीकडं सुरुंग पेरलेली पट्टी, आणि पट्टीच्या शेवटी ताडांची रांग. त्या ताडांमागं तामिळ वाघ, म्हणजे समोरचे बंडखोर, बसलेले. तेही असेच कोरा चहा पीत असतील, असं किरिबंडाला पुष्कळदा वाटायचं.

घर कुणाचं ते ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात पाटा होता, वरवंटा नव्हता. आतल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, शेजारी तामिळ अक्षरं. कुणीतरी आपल्या पोराला तिथं उभं करून त्याची उंची मोजत आलं होतं. रेघा कमरेच्या जरा वर येऊन थांबल्या होत्या. किरिबंडा त्या दारातून जाताना मान दुसरीकडं वळवायचा. तो गावाहून निघाला तेव्हा त्याची नेलुम रांगत होती. आता ती बोलत असेल. काय बोलत असेल, ते त्याला ऐकायला मिळालं नव्हतं.

रजा बंद होत्या. आधी पावसामुळं, मग चढाई होणार म्हणून, मग चढाई झालीच नाही म्हणून.

जिनदास दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याघरचा. किरिबंडाला तो थोरल्या भावाला म्हणावं तसं ‘बंडाअय्या’ म्हणायचा. "बंडाअय्या, माझी आई आता मला ओळखायची नाही. दारात उभा राहिलो तर म्हणेल, बाबा रे, पुढच्या घरी जा."

"तुझं तोंड बघून कुत्रं सोडेल ती."

"कुत्रं असेल तर ना. मी निघालो तेव्हाच ते म्हातारं झालं होतं."

दोघं हसले. हसून झाल्यावर दोघांनाही दमल्यासारखं झालं. हल्ली हसण्यानंसुद्धा दमायला व्हायचं.

२

एके दिवशी पहाटेचा पहारा संपवून किरिबंडा व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसला, तर अंगण झाडलेलं होतं.

कडुनिंबाची पानगळ चालू होती. आदल्या संध्याकाळी पिवळ्या पानांचा खच होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता एक पान नव्हतं. फाटकापासून पायरीपर्यंत वाळूवर खराट्याच्या फटकाऱ्यांचे फरे उठले होते, एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारखे. गावाकडं प्रत्येक घरापुढं सकाळी असतात तसे.

तो बघत राहिला. त्याला फार बरं वाटलं. जिनदासनं झाडलं असणार. वेडा आहे, पण मायाळू आहे.

जिनदास चहा घेऊन आला आणि म्हणाला, "छान केलंत अय्या. मीही म्हणतच होतो, उकिरड्यात राहिल्यासारखं वाटतं."

"मी कुठं काय केलं? तू झाडलंस ना?"

"मी? मला खराटा कुठला मिळायला?"

खरंच, घरात खराटा नव्हता. मग जिनदास म्हणाला, "सार्जंटांनी झाडलं असेल. त्यांना झोप येत नाही." आणि ते दोघांनाही पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

पण जिनदास आत गेल्यावर किरिबंडानं पुन्हा नीट पाहिलं. झाडणारा माणूस मागं मागं सरत जातो, तरी शेवटी कुठंतरी त्याची पावलं उरतात. इथं एकही पाऊल नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट होती. झाडणाऱ्याचा उजवा हात असला की फरे एका बाजूला कलतात. हे उलट्या बाजूला कलले होते.

किरिबंडाची बायको बिसोमेणिके डावरी होती. लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या आईनं यावरून तिला पुष्कळ टोचलं होतं. "अंगण बघ, केस उलटे विंचरल्यासारखं दिसतंय," असं म्हणायची. तरी बिसो रोज तसंच झाडायची, आणि कामाला निघताना ते उलटे फरे तुडवत जायला किरिबंडाच्या जिवावर यायचं. तो कडेकडेनं जायचा.

वारा असेल, त्यानं मनाशी म्हटलं. खाडीवरचा वारा कसाही फिरतो.

पण दिवसभर तो अंगणात उतरला नाही.

३

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्याही दिवशी तसंच.

किरिबंडा भुताखेतांना मानणारा नव्हता. अशा जागी वैरी पाय वाजू न देता येतो, आणि हसत हसत गळा कापून जातो, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं संध्याकाळी अंगणात दोऱ्या ताणल्या, घोट्याच्या उंचीवर, आणि त्यांना मासळीचे रिकामे डबे बांधले. पहाटे तो पोत्यांआड डोळे ताणून बसला. धुकं होतं. उजाडता उजाडता आवाज आला. सर्र, सर्र, सर्र. मग जरा थांबून पुन्हा सर्र. मध्येच कमरेवर हात ठेवून उसंत घ्यावी तसा तो आवाज थांबायचा. बिसो नेलुमच्या वेळी पोटुशी असताना अशीच थांबायची.

धुक्यात कुणीही नव्हतं. एकही डबा वाजला नाही. उन्हं आली तेव्हा दोऱ्या जशाच्या तशा ताणलेल्या होत्या, आणि दोऱ्यांखालची वाळूसुद्धा झाडलेली होती.

शेवटी त्यानं जिनदासला सांगितलं. जिनदासनं थट्टा केली नाही. उलट त्याचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, फक्त मलाच कळलंय," तो म्हणाला. "अय्या, हे माझ्या आईचं झाडणं आहे. ते झाड बघा ना. आई झाडाभोवतीचा पाला कधी काढत नाही. म्हणते, मुंग्यांचं घर असतं, तिथं खराटा लावू नये. बघा, कसं गोल कडं सोडलंय पाल्याचं."

किरिबंडानं कडुनिंबाकडं पाहिलं. झाडाच्या बुंध्यापर्यंत वाळू स्वच्छ होती. पाल्याचं कडं नव्हतंच.

"कुठं आहे कडं?"

"हे काय! एवढं ढळढळीत." जिनदासनं बोट दाखवलं.

"आणि फरे? फरे कुठल्या हाताचे आहेत?"

"उजव्याच की. आईचा उजवाच हात चालतो."

दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, एकाच अंगणाकडं बघत होते. ऊन स्वच्छ पडलं होतं. किरिबंडानं जिनदासच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता. मग स्वतःच्या कपाळावर ठेवला. तिथंही नव्हता.

"आपण फार दमलोय, मल्ली," तो म्हणाला. धाकट्या भावाला म्हणावं तसं तो जिनदासला क्वचितच म्हणायचा. "फार दमलं की डोळे हवं ते दाखवतात."

"मग दाखवू देत की," जिनदास म्हणाला. "दुसरं काय आहे इथं बघायला?"

४

सार्जंट विजेकोन रोज दुपारी मागच्या छावणीवर जाऊन भाताची पुडकी घेऊन यायचा. भात, डाळ, सुक्या मासळीचा तुकडा. तिघं एकत्र बसून जेवायचे. त्या दिवशी जेवताना किरिबंडानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, अंगण तुम्ही झाडता का?"

विजेकोननं घास थांबवून अंगणाकडं पाहिलं. मग त्या दोघांकडं पाहिलं. "कुठलं अंगण?"

"हेच की."

"झाडलंय कुठं? गुडघाभर पाचोळा पडलाय. मी कालच म्हणणार होतो, आग लागली तर पळायला वाट मिळायची नाही." तो पुन्हा खाली बघून जेवायला लागला. जरा वेळानं म्हणाला, "दोघंही आज दुपारी झोप काढा. हुकूम आहे माझा."

जिनदासनं किरिबंडाकडं बघून डोळा मारला. किरिबंडाला काही तसं सुचलं नाही.

दुसऱ्या सकाळी फरे फाटकाबाहेर गेले होते.

सुरुंगांच्या पट्टीत गेल्या पावसापासून गवत माजलं होतं. त्या गवतातून एक वाट झाडून काढली होती. एक माणूस चालेल एवढी रुंद, सरळ, ताडांपर्यंत. वाटेवर उलटे कललेले फरे, ताजे, ओलसर. किरिबंडानं दुर्बीण लावून पाहिलं. दोन ताडांच्या मधे वाट सावलीत शिरत होती. तिथं, सावलीच्या कडेला, काहीतरी फिकट रंगाचं हललं. वाळत घातलेलं कापड असावं. बिसोचं एक तसल्या रंगाचं लुगडं होतं. दुर्बिणीची काच धुरकट झाली. त्यानं ती पुसली आणि पुन्हा लावली, तर काही नव्हतं.

ते घर ज्या बाईचं होतं तिनंही हे अंगण असंच झाडलं असेल, वर्षानुवर्षं. ती कुठं असेल? कुठल्या छावणीत, कुणाच्या ओसरीवर? की तीच येत असेल, आपल्या घराची घाण बघवत नाही म्हणून? हा विचार त्याला जरा बरा वाटला. परक्या बाईला घाबरता येतं. बिसोला कसं घाबरायचं?

आणि मग दुसरा विचार आला, तो त्यानं दिवसभर दाबून ठेवला. जिवंत माणसं अशी येत नाहीत. घरी काही झालं तर नसेल ना?

५

जिनदास गेला तो भर दुपारी.

सार्जंट जेवण आणायला गेला होता. ऊन इतकं होतं की वाळूकडं बघवत नव्हतं. किरिबंडा पोत्यांच्या फटीपाशी पहाऱ्यावर होता, जिनदास आत आडवा झाला होता. मागं काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. किरिबंडानं वळून पाहिलं. पायरीवर जिनदासचे बूट ठेवले होते, टाचेला टाच लावून, पाहुण्यानं ठेवावेत तसे. जिनदास अनवाणी अंगणात उतरला होता.

"ए माकडा, कुठं चाललास?"

जिनदास वळला. त्याच्या तोंडावर हसू होतं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या हसण्यात दमणूक नव्हती. "आईनं एवढं झाडून ठेवलंय अय्या. बूट घालून गेलो तर खराटाच घालेल पाठीत. जेवायला बोलावतेय. आलोच."

"जिनदास! मागं फीर. सुरुंग आहेत पुढं. जिनदास!"

त्यानं फाटक उघडलं. ते पुन्हा नीट लावूनही घेतलं. आणि मग वाटेनं चालायला लागला, बाजारातून घरी जाणारा माणूस चालतो तसा, मान खाजवत, सावकाश. किरिबंडा ओरडत होता. आता फुटेल, या पावलाला फुटेल, असं त्याला वाटत होतं. फुटलं नाही. समोरून एकही गोळी आली नाही. जिनदास दोन ताडांच्या मधे पोचला, तिथं जरा वाकला, लहान दारातून आत जाताना वाकतात तसा, आणि दिसेनासा झाला.

स्फोट झाला असता तर बरं झालं असतं, असं किरिबंडाला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

वाटेवर जिनदासच्या अनवाणी पावलांचे ठसे स्पष्ट दिसत होते. किरिबंडा त्यांच्याकडं बघत असतानाच आवाज आला. सर्र. फाटकाजवळचा पहिला ठसा गेला. त्याच्या जागी फरा उठला. सर्र. दुसरा गेला. तिसरा गेला. वाळू आपसूक हलत होती, एका अंगाला सरकत होती, शांतपणे, रोजचं काम उरकावं तशी. बघता बघता सगळी वाट पुन्हा स्वच्छ झाली. ताडांपर्यंत.

किरिबंडाचं लक्ष आपल्या पायाकडं गेलं. त्याच्या डाव्या बुटाची नाडी सोडलेली होती. ती त्यानंच सोडली असणार. कधी, ते त्याला आठवत नव्हतं.

६

मागच्या छावणीवरून एक तरुण अधिकारी येऊन गेला. फाटकापर्यंतही गेला नाही.

"पळाला," तो म्हणाला.

"सुरुंगांतून, सर?" विजेकोननं विचारलं.

"मग उडाला असेल."

"आवाज नाही झाला, सर."

"मग पळालाच." अधिकाऱ्यानं घाम पुसला. तोही दमलेला होता, त्याच्याकडं अशी आणखी बरीच घरं होती.

तो गेल्यावर विजेकोन किरिबंडाशेजारी पायरीवर बसला. जिनदासचे बूट अजून तिथंच होते. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

"बंडा, तुम्ही दोघं रोज सकाळी काय बघत उभे राहायचात ते मला कळत नव्हतं. मला तर पाचोळाच दिसायचा. अजूनही पाचोळाच दिसतो." त्यानं विडी पेटवली. "आई माझी लहानपणीच गेली. बायको दुसऱ्याबरोबर गेली, तिला नावं ठेवत नाही मी. माझ्यासाठी कुणी अंगण झाडत असेल असं कुठलं घर नाही. म्हणून दिसत नसेल."

"सर, मला घरी जाऊ द्या. बिसोला काही झालं असलं तर?"

"तुला काय दिसतंय आत्ता? खरं सांग."

किरिबंडानं सांगितलं नाही. त्या सकाळी फरे पायरी चढून व्हरांड्यात आले होते. सिमेंटवरच्या धुळीत उठले होते. त्याच्या चटईच्या कडेशी येऊन थांबले होते.

विजेकोननं त्याचं तोंड बघून पुढं विचारलं नाही. कुणाचे पाय धरले, कुणाशी भांडला कुणास ठाऊक, पण त्यानं रजा मिळवली. निघताना किरिबंडाचा दंड धरून म्हणाला, "मी सांभाळतो इथलं. मला काही होत नाही. तू मागं वळून बघू नकोस."

किरिबंडानं मागं वळून पाहिलं नाही. ट्रकमध्ये झोपला, जहाजावर झोपला, बसमध्ये तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. म्हाताऱ्यानं त्याला उठवलं नाही.

७

कुरुणेगलच्या पुढं, तळ्याकाठी, गल्वेव गावात तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. तळ्यावर पाणकोंबड्या ओरडत होत्या. आतून खोबरं खवण्याचा आवाज आला. तो फाटकाला धरून उभा राहिला.

बिसो बाहेर आली. जिवंत, हाडामांसाची, हाताला ओलं खोबरं लागलेलं. त्याच्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली. खोबऱ्याचे हात सदऱ्याला लागू नयेत म्हणून तिनं ते मागं धरले होते.

"वाळलात," ती शेवटी म्हणाली.

"तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. दमलेय." तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुम्ही आलात आता."

नेलुम दारामागून बघत होती. किरिबंडानं खाली बसून हात पसरले. "ये. तात्ता आलाय बघ."

पोरीनं मान हलवली. "हा तात्ता नाही."

"वेडी," बिसो घाईनं म्हणाली. "लहान होतीस तू, आठवत नाही तुला."

"तात्ता सकाळी येतो," नेलुम ठासून म्हणाली. "तात्ता झाडतो."

किरिबंडानं बिसोकडं पाहिलं. ती चुलीकडं वळली होती. "स्वप्नं पडतात तिला," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या. भात झालाच आहे."

लाल तांदळाचा भात, फणसाची भाजी, खोबऱ्याची तिखट चटणी. तो बोटं चाटूनपुसून जेवला. बिसो समोर बसून वाढत होती, आणि मधूनमधून त्याच्या दंडाला हात लावत होती, माणूस खरा आहे की नाही हे बघावं तसा. उन्हं उतरायच्या आतच तो खाटेवर आडवा झाला आणि दगडासारखा झोपला.

८

त्याला जाग आली ती आवाजानं. सर्र, सर्र.

खिडकीच्या फटीतून पांढुरका उजेड येत होता. घरी आहोत हे आठवायला त्याला क्षणभर लागला. मग तो मनाशीच हसला. बिसो उठलीय. अंगण झाडतेय. किती दिवसांनी हे ऐकतोय आपण.

मग त्याच्या ध्यानात आलं, की आपला दंड कुणीतरी घट्ट धरलाय.

बिसो त्याच्या शेजारीच होती. डोळे टक्क उघडे. तिची नखं त्याच्या दंडात रुतली होती.

"आज तरी यायला नको होतं," ती कुजबुजली. "आज तर तुम्ही घरात आहात."

"कधीपासून येतंय?"

"तुम्ही गेलात त्यानंतर थोड्याच दिवसांत. मी उजाडेपर्यंत दार उघडत नाही. उघडते तेव्हा अंगण झाडलेलं असतं. उजव्या हाताचे फरे, मी बाळंतीण असताना तुम्ही झाडायचात तसे. आधी मला वाटलं, देवानं खूण पाठवलीय, तुम्ही जिवंत असल्याची. मग..." ती थांबली. "मग पोरगी खिडकीतून बघायला लागली. हाका मारायला लागली."

बाहेर आवाज थांबला. उसंत घेतल्यासारखा. मग पुन्हा सर्र.

नेलुमची छोटी चटई रिकामी होती. ती दारापाशी उभी होती, टाचा उंचावून कडीला हात पोचवत होती. तिचा चेहरा फुलला होता.

किरिबंडा ताडकन उठला.

"उघडू नका," बिसो म्हणाली. "तुमच्या पाया पडते. उजाडलं की आपोआप थांबतं."

पण त्याला राग आला होता. एवढ्या महिन्यांत त्याला भीती वाटली होती, कंटाळा आला होता, रडू आलं होतं, राग मात्र आला नव्हता. हे त्याचं घर होतं. त्यानं पोरीला अलगद बाजूला केलं, कडी काढली आणि बाहेर पडला.

आवाज तिथंच थांबला.

बाहेर कुणी नव्हतं. तळ्यावर धुकं होतं. अर्धं अंगण झाडलेलं होतं, अर्ध्यात आंब्याचा पाला तसाच पडला होता, आणि दोन्हींच्या मधोमध त्यांचा जुना खराटा आडवा पडला होता. किरिबंडानं चहूकडं पाहिलं. कुंपणापाशी गेला, विहिरीत डोकावला. कुणी नाही. त्याला मोकळं वाटलं. तो परत आला, खराटा उचलला आणि दाराकडं बघितलं.

नेलुम उंबऱ्यावर उभी होती. त्याला बघून तिनं टाळ्या वाजवल्या. "तात्ता!"

त्या एका शब्दासाठी तो एवढ्या लांबून आला होता. तिला हसवायला त्यानं खराट्याचा एक फरा ओढला. ती खिदळली. त्यानं आणखी एक ओढला. नवा फरा जुन्या फऱ्याला असा जाऊन भिडला, की मधला सांधा दिसेना.

बिसो दारात आली. तो तिला म्हणणार होता, बघ, कुणी नाही, उगाच घाबरत होतीस. पण बिसो त्याच्याकडं बघत नव्हती. तिची नजर अंगणभर फिरली, त्याच्यावरूनही फिरली, कुठं अडली नाही. तिनं घाईघाईनं पोरीला उचललं.

"दार कसं उघडलंस तू? कुणी नाही तिथं. ओरडू नकोस, तात्ता उठेल. लढाईवरून दमून आलाय."

दार लागलं. कडी पडली.

"बिसो," तो म्हणाला. निदान त्याला वाटलं, की आपण म्हणालो.

आत खाट करकरली, जड माणूस कुशीवर वळतो तशी. झोपाळू, घोगऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही," बिसोचा आवाज आला. त्यात केवढी तरी सुटका होती. "थांबलंय आता. झोपा तुम्ही."

किरिबंडा दारापाशी गेला. त्याच्या मागं वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. त्यानं थाप मारायला हात उचलला. आत बिसो पोरीला थोपटत होती, तिचा श्वास हळूहळू संथ होत चालला होता, हे त्याला दाराच्या फळीतून ऐकू येत होतं. कितीतरी दिवसांनी ती निर्धास्त झोपणार होती. थाप ऐकली तर तिची नखं पुन्हा कुणाच्या तरी दंडात रुततील.

त्यानं हात खाली घेतला. तो फार दमला होता. अंगण अर्धं राहिलं होतं, आणि उजाडत आलं होतं. तो वाकला.